व्हिक्टोरिया धबधबा २०१९ मध्ये आटला होता का?

डिसेंबर २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्याची छायाचित्रं जगभर फिरली. काळा उघडा कडा, पाण्याचा टिपूस नाही. हवामानबदलाने धबधबा संपला, असं अनेकांनी लिहून टाकलं. दुष्काळ खरा होता आणि मोठाही होता. पण कोरडी दिसत होती ती झांबियाकडची, म्हणजे पूर्वेची बाजू, आणि ती बहुतेक वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघडी पडते. पश्चिमेला झिम्बाब्वेच्या टोकाशी झांबेझी नदी तेव्हाही कोसळतच होती. एका फोटोवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. त्यासाठी नदीच्या प्रवाहाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी लागतात.

मग एक टोक कोरडं आणि दुसरं वाहतं, असं का? त्याचं उत्तर खडकात आहे, आणि मला तरी या धबधब्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट तीच वाटते.

खडक आपल्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, बसाल्ट. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला जवळपास १८ कोटी. लाव्हा थिजताना आकसतो, त्याला भेगा पडतात. इथे पूर्व-पश्चिम गेलेल्या मोठ्या भेगांमध्ये पुढे मऊ गाळ भरला, आणि त्यांना छेदणाऱ्या उत्तर-दक्षिण भेगाही आहेत. दक्षिणेकडे वाहणाऱ्या नदीने आडव्या भेगेतला गाळ धुऊन नेला, की पात्राच्या सबंध रुंदीभर खाच पडते. आजची खाच सुमारे १,७०० मीटर लांब आणि १०८ मीटरपर्यंत खोल आहे. एवढं पाणी तिच्यातून बाहेर पडतं ते जेमतेम ११० मीटर रुंदीच्या फटीतून!

आता वरच्या कडेवर एखादी उत्तर-दक्षिण भेग असली की पाणी तिथे जास्त झिजवतं. कडा खाली जातो, म्हणून आणखी पाणी तिकडे ओढलं जातं, म्हणून झीज आणखी वाढते. अशी नदी उगमाच्या दिशेने मागे कापत जाते, पुढची आडवी भेग लागेपर्यंत. तिथे नवा धबधबा तयार होतो आणि जुनी खाच घळ होऊन मागे उरते. नकाशात धबधब्याच्या खाली नदी डावी-उजवीकडे झोकांड्या खाताना दिसते, त्या घळी म्हणजे जुन्या धबधब्यांच्या जागा.

धबधब्याच्या पश्चिम टोकाच्या भागाला डेव्हिल्स कॅटरॅक्ट म्हणतात; तिथे पुढची कापणी सुरू झाली आहे. तिथला कडा इतरांपेक्षा सखल, म्हणून पाणी उतरलं तरी तिथून ते वाहतच राहतं.

एप्रिलच्या सुमारास पूर असतो. तुषारांचा ढग शेकडो मीटर चढतो. स्थानिक नाव 'मोसी-ओआ-तुन्या', गरजणारा धूर, त्यावरूनच पडलं. त्या धुरात कडा दिसत नाही. खडक वाचायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात झिम्बाब्वेच्या बाजूने जावं, आणि डेव्हिल्स कॅटरॅक्टचा कडा शेजारच्या कड्यापेक्षा किती खाली गेला आहे ते आधी पाहावं.