ऑरेंज काउंटीच्या तिजोरीवर नजर कुणाची? – पार्श्वभूमी

घरपट्टीवर 1978मध्ये मर्यादा आल्यानंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या काउंट्यांचं (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांचं) त्या करातलं उत्पन्न आटलं आणि गुंतवणुकीवरच्या व्याजावरची भिस्त वाढली. ऑरेंज काउंटीत शाळा, शहरं, पाणीपुरवठा अशा जवळपास 200 संस्थांचे मिळून साडेसात अब्ज डॉलर एका खजिनदाराच्या हाती होते. रोखे तारण ठेवून कर्ज काढायचं, त्यातून आणखी रोखे घ्यायचे, तेही तारण ठेवायचे. असं करत गुंतवणूक 20 अब्जांवर गेली. 1994मध्ये व्याजदर चढत गेले, रोख्यांचे भाव पडले आणि 6 डिसेंबरला काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोटा 1.6 अब्जांहून अधिक.

खरा गुंता 'देखरेख' या शब्दात आहे. काउंटीच्या पाच सदस्यीय मंडळातल्या लोकांना सुपरवायझर म्हणतात, म्हणजे नावातच देखरेख. पण खजिनदारही थेट मतदारांनी निवडलेला. मंडळ त्याला घरी पाठवू शकत नव्हतं, आणि व्याज भरघोस येत असताना हिशेब मागण्याची तसदीही कुणी घेतली नाही. अंतर्गत लेखापरीक्षणातल्या हरकती फाइलमध्येच राहिल्या. त्याच वर्षी जूनच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवाराने हा धोका उघड बोलून दाखवला होता, तरी मतदारांनी जुन्याच खजिनदाराला निवडलं. मतदार हाच लेखापरीक्षक, ही कल्पना तिथेच फसली.

27 जून 1995ला तोटा भरून काढण्यासाठी 'मेझर आर' हा प्रस्ताव लोकांच्या मतदानाला आला: दहा वर्षांसाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ. शंभर डॉलरच्या खरेदीवर पन्नास सेंट जास्त. लोकांनी तो स्पष्ट बहुमताने फेटाळला. चूक वरच्यांची, भुर्दंड आम्हाला का, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पण मार्च 1996चा कौल पटत नाही. 'मेझर टी' या सनदेच्या, म्हणजे काउंटीच्या कारभाराच्या मूळ नियमावलीच्या, प्रस्तावात निवडणुकीने भरली जाणारी काही पदं नेमणुकीची होणार होती. जबाबदारीची साखळी दुरुस्त करण्याची ती संधी होती. तोही पडला, सुपरवायझरांच्या मुदतीवर मर्यादा घालणारा प्रस्ताव मात्र त्याच दिवशी मंजूर झाला.

दरम्यान राज्याने कायदा करून काउंट्यांना तिजोरीसाठी देखरेख समिती नेमायला लावली. 2004मध्ये ती सक्ती गेली, समिती ऐच्छिक झाली. ऑरेंज काउंटीचा खजिनदार अजूनही निवडूनच येतो.