स्कूबी-डूचा दुसरा भाग म्हणजे नेमका कोणता?

स्कूबी-डू म्हणजे भुताखेतांची रहस्यं उलगडणारी चार पोरं (फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी) आणि त्यांचा कुत्रा स्कूबी यांचं जुनं अमेरिकन कार्टून. ‘स्कूबी-डूचा तो दुसरा पिक्चर, खऱ्या माणसांचा’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, फ्रेडचे केस कसे होते? पिवळेधमक असतील तर तो २००४चा ‘मॉन्स्टर्स अनलीश्ड’. काळसर असतील तर २०१०चा ‘कर्स ऑफ द लेक मॉन्स्टर’. दोन्हींत नट खरे, कुत्रा मात्र कॉम्प्युटरवर घडवलेला. दोन्हींच्या नावात मॉन्स्टर, आणि दोन्ही आपापल्या जोडीतले दुसरेच. घोटाळा होणारच.

२००४चा थिएटरातला. २००२च्या ‘स्कूबी-डू’मधलीच चौकडी त्यात आहे: फ्रेडी प्रिंझ ज्युनियर, सारा मिशेल गेलर, मॅथ्यू लिलार्ड आणि लिंडा कार्डेलिनी. दिग्दर्शकही तोच, राजा गॉस्नेल (नावावर जाऊ नका, माणूस अमेरिकन आहे), आणि लेखक जेम्स गन. २०१०चा टीव्हीसाठी, कार्टून नेटवर्कचा. तो २००९च्या ‘द मिस्टरी बिगिन्स’ला जोडलेला आहे आणि त्यात ही मंडळी अजून पोरवयातली आहेत. गोम इथेच आहे. २०१०चा चित्रपट सहा वर्षांनी आला, पण तो २००४च्या गोष्टीचा पुढचा भाग नाही. २००२च्या चित्रपटाने जगभरात सुमारे साडेसत्तावीस कोटी डॉलर कमावले होते, २००४चा अठरा कोटींच्या आसपास अडकला आणि ठरलेला तिसरा भाग गुंडाळला गेला. नंतर केलं ते सगळं नव्या पोरांना घेऊन, मुळापासून.

आता भुतांचं. १३ सप्टेंबर १९६९ला सुरू झालेल्या मूळ कार्टूनचा नियम साधा होता: भूत खरं नसतं. शेवटी मुखवटा ओढायचा आणि आतून कुणीतरी लोभी माणूस निघायचा. २००४च्या चित्रपटाने या नियमाशी जो खेळ केलाय, तो मला फार आवडतो. या पोरांच्या गावातल्या, कूल्सव्हिलच्या म्युझियममध्ये जुन्या खलनायकांचे पोशाख मांडलेले असतात. ते चोरीला जातात आणि एका यंत्रातून चक्क जिवंत राक्षस होऊन बाहेर पडतात. त्यातला काळा सरदार तर मालिकेच्या अगदी पहिल्या भागातला. म्हणजे पोरांनी ज्यांना ‘हा तर नुसता वेष’ म्हणून हसण्यावारी नेलं, तेच वेष आता अंगावर येतात. तरीही या सगळ्यामागे शेवटी मुखवट्यातला माणूसच आहे. तोही मुखवट्याखाली आणखी एक मुखवटा घालून! (कोण, ते सांगत नाही. वीस वर्षं झाली असली तरी एखाद्या घरात आजच पाहणार असतील.) समीक्षकांनी चित्रपटाला झोडपलं, पण हा विनोद कार्टून मनापासून पाहिलेल्या माणसालाच सुचेल.

२०१०चा चित्रपट या भानगडीत पडत नाही. तळ्याकाठचा क्लब, सुट्टीतली नोकरी, आणि वेल्माच्या प्रेमात पडलेला शॅगी. जादूटोणाही खराच: वेल्माच्या अंगात एका जुन्या चेटकिणीचा संचार होतो. रहस्य आहे, पण जीव त्या प्रेमप्रकरणात. लहान पोरं शॅगीच्या लाजण्यावर कंटाळतात, हे मी घरातच पाहिलंय.

गंमत आवाजांची. २००४मध्ये स्कूबीला आवाज दिलाय नील फॅनिंगने. २०१०च्या स्कूबीचा आवाज फ्रँक वेल्करचा, जो १९६९पासून कार्टूनमधल्या फ्रेडचा आवाज आहे. आणि २००४मध्ये पडद्यावर शॅगी झालेला लिलार्ड? तो पुढे कार्टूनमध्येच शॅगीचा आवाज झाला.