सोसायटीच्या गच्चीवर सौर वीज: मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांसाठी ठरावापासून अनुदानापर्यंतची माहिती

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचं हिशेबाचं पुस्तक उघडा. वॉचमनच्या पगाराखालोखाल खर्च बहुधा कॉमन मीटरच्या बिलाचा असतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे या एका मीटरवर चालतात आणि त्याचे पैसे सगळे सभासद मिळून भरतात. हा खर्च गच्चीवरच्या उन्हातून निघू शकतो आणि त्यासाठी केंद्र सरकारचं अनुदानही आहे. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर करून 2050 पर्यंत शहराचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलं. शहराच्या उत्सर्जनात सर्वात मोठा वाटा ऊर्जेचा आहे, त्यामुळे हे उद्दिष्ट गाठताना आपल्या गच्च्या वगळून चालणार नाही.

अनुदान मिळतं ते फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून. या योजनेची मुदत आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंत आहे. स्वतंत्र घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. सोसायटीचा नियम मात्र वेगळा आहे. सामायिक सोयींसाठी उभारलेल्या प्रकल्पाला दर किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. मर्यादा घरटी तीन किलोवॅटच्या हिशेबाने ठरते आणि ती एकूण 500 किलोवॅटच्या पुढे जात नाही. एखाद्या सभासदाने स्वतःसाठी वेगळे पॅनेल बसवले असतील, तर तेही याच मर्यादेत मोजले जातात. म्हणजे 24 घरांच्या इमारतीची मर्यादा 72 किलोवॅट झाली. पण मुंबईतल्या बहुतेक गच्च्यांवर एवढी जागाच नसते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केली की 15-20 किलोवॅट बसले तरी पुष्कळ. 20 किलोवॅटला अनुदान 3,60,000 रुपये होतं. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट देतो, पावसाळ्यात बराच कमी.

जागेइतकाच महत्त्वाचा आहे मीटरचा मंजूर भार, म्हणजे त्या मीटरवर जास्तीत जास्त किती वीज वापरायला कंपनीने मंजुरी दिली आहे तो आकडा. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांनुसार प्रकल्पाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असू शकत नाही. मीटर दहा किलोवॅटचा आणि प्रकल्प वीसचा असेल, तर भार वाढवून घ्यावा लागतो.

अर्जाआधीचं काम

माझ्या अनुभवात अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरते. दिवस जातात ते त्याआधीच्या तयारीत. आमच्या इमारतीत लिफ्टचा मीटर तीस वर्षांनंतरही बिल्डरच्या नावावर निघाला, आणि नाव बदलून घेण्यातच दोन महिने गेले. म्हणून आजच बिल काढून वरचं नाव वाचा. बिल, पॅन कार्ड, बँक खातं आणि नोंदणी प्रमाणपत्र या चारही ठिकाणी सोसायटीचं नाव सारखं हवं. एकीकडे 'को-ऑप. हौ. सो. लि.' आणि दुसरीकडे 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असेल, तर ते आधी दुरुस्त करा. अनुदान सोसायटीच्या खात्यात येतं आणि ते अडकायला नावातला एवढा फरकही पुरतो.

दुसरं काम सर्वसाधारण सभेचं. गच्ची सगळ्यांची आहे, त्यामुळे एकट्या कमिटीने परस्पर निर्णय घेऊ नये. विशेष सभेची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी आणि वार्षिक सभेची चौदा दिवस आधी द्यावी लागते. ठरावात प्रकल्पाची क्षमता, खर्चाची मर्यादा, पैसे कोणत्या निधीतून जाणार आणि सह्या कोण करणार हे स्पष्ट लिहा. सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्त तयार करा. मोघम ठराव झाला की पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा उकरला जातो. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर हा खर्च तूर्त करू नका, असं मी स्पष्टपणे सांगेन.

तिसरं काम इमारतीची तपासणी. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. तो अहवाल काढा आणि स्लॅबला हा भार झेपेल का, हे इंजिनिअरकडून लेखी घ्या. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते पॅनेलच्या आधी करा. नंतर पॅनेलचा सांगाडा उचलून ते करायचं म्हणजे दुप्पट खर्च.

कागदपत्रं

कॉमन मीटरचं अलीकडचं बिल, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, सभेच्या ठरावाची सही-शिक्क्यासह प्रत, सेक्रेटरी किंवा चेअरमनच्या नावे अधिकारपत्र व त्यांचं ओळखपत्र, सोसायटीच्या खात्याचा रद्द केलेला चेक, घरांची संख्या दाखवणारी सभासदांची यादी आणि गच्चीचे फोटो एवढं एका फाइलमध्ये ठेवा.

अर्जाचा क्रम

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर आधी आपली वीज कंपनी निवडायची. शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, बेस्ट आहे. उपनगरांत अदानी, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, आणि टाटा पॉवरचे ग्राहक शहरात व उपनगरांत दोन्हीकडे आहेत. बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदणी करा. सोसायटीचा असा मोबाइल क्रमांक आणि ईमेल द्या, जो कमिटी बदलली तरी बंद होणार नाही.

अर्ज वीज कंपनीकडे जातो आणि ती तांत्रिक व्यवहार्यता तपासते. दहा किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला ही तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर मानला जातो. त्याहून मोठ्या प्रकल्पासाठी 2024 च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांत पंधरा दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. मंजुरीआधी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

मग पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी किमान तिघांची कोटेशनं मागवा. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करणं ही योजनेचीच अट आहे, तो काही त्याचा मोठेपणा नाही.

काम झाल्यावर पॅनेलचे अनुक्रमांक आणि फोटो पोर्टलवर टाकून नेट मीटरसाठी, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज करायचा. वीज कंपनीचा माणूस पाहणी करतो, मीटर बसतो आणि प्रकल्प सुरू झाल्याचा अहवाल निघतो. त्यानंतर बँकेचा तपशील भरला की साधारण महिनाभरात अनुदान जमा होतं. तोपर्यंत विक्रेत्याचे पूर्ण पैसे सोसायटीनेच भरलेले असतात, त्याची तजवीज आधी करा.

समुद्राकाठची खबरदारी

सरकारी माहितीपत्रकात याबद्दल फारसं मिळत नाही, आणि मुंबईत प्रकल्प टिकणार की गंजणार ते इथेच ठरतं. खारी हवा लोखंड खाते, हे खिडकीच्या ग्रिलवरून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून सांगाडा गरम जस्ताच्या मुलाम्याचा (हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड) किंवा ॲल्युमिनियमचा हवा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. जागेवर कापलेल्या पाइपचं उघडं टोक सर्वात आधी गंजतं, त्यामुळे कापणी-छिद्रं कारखान्यातच करून आणायची अट घाला. पॅनेल क्षारयुक्त धुक्याच्या चाचणीत, म्हणजे आयईसी 61701 मध्ये, उतरलेले आहेत का हे विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत घ्या.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. सांगाड्याचा आराखडा त्या वेगासाठी आहे हे इंजिनिअरच्या सहीनिशी घ्या. मे 2021 मधलं तौक्ते वादळ ज्यांनी वरच्या मजल्यावरून पाहिलं, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. पाया शक्यतो काँक्रीटच्या ठोकळ्यांचा घ्या. स्लॅबला भोकं पाडली की वरच्या मजल्यावर गळती सुरू होते आणि सभासदांतली भांडणंही.

सभासदांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. नेट मीटरचा साधा प्रकल्प वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. त्यामुळे वीज नसताना लिफ्ट चालणार नाही, त्यासाठी बॅटरी किंवा जनरेटर वेगळा लागतो.

पॅनेल महिन्यातून दोनदा सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. खालच्या फटींना जाळी लावून घ्या, कारण मुंबईची कबुतरं तिथे पहिल्याच महिन्यात घरटी करतात. नेट मीटरचं आयात-निर्यातीचं वाचन दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहून बिलाशी ताडून पाहा. आमच्याकडे हे काम दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी घेतलंय, आणि बिलातली पहिली चूक त्यांच्याच वहीमुळे सापडली.