पार्श्वभूमी : कासचे कुंपण

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे कास पठार म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सडा. माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहते, उन्हाळ्यात तोच कातळ तापून निघतो. मोठी झाडे इथे मूळ धरत नाहीत. गेंद, तेरडा, सोनकी, कवला अशा ठेंगण्या वनस्पती मात्र पावसाच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. मातीत सत्त्व इतके कमी, की दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती चक्क कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. वायतुऱ्यासारख्या काही जाती तर सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांपलीकडे जगात कुठेच नाहीत.

कास हे ना अभयारण्य, ना राष्ट्रीय उद्यान. कायद्याने ते राखीव वन. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत आली. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवले, त्यात कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर कासही होते. त्याआधीच गर्दी वाढू लागली होती. फुलांवर गाड्या उभ्या राहत, फोटोसाठी माणसे ताटव्यात लोळत. हे पाहून जीव तुटायचा. वन विभागाने गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना सोबत घेतले, प्रवेशशुल्क लावले आणि फुलांच्या मुख्य भागाला जाळीचे कुंपण घातले.

माणसे थांबली, पण गुरेही थांबली. गुरे उंच गवत खातात, त्यामुळे खालच्या रोपांना ऊन मिळते. खुरांनी माती हलते, शेणाचे खत पडते. चराई बंद झाल्यावर गवत माजले आणि ठेंगण्या फुलांची दाटी ओसरू लागली, असे अभ्यासक आणि गावकरी दोघेही सांगू लागले. रानातल्या प्राण्यांची वाटही जाळीने अडली होती. अखेर कुंपण काढले गेले. मला वाटते, गुराख्यांना आधी विचारले असते तर कुंपण काढणे इतके लांबले नसते.

आता भर आहे तो पर्यटकांच्या रोजच्या संख्येवरच्या मर्यादेवर, ऑनलाइन नोंदणीवर आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांतून नेमलेल्या राखणदार-मार्गदर्शकांवर. कुंपण निघाल्याने काय बदलले, हे एकदोन हंगामांत कळणार नाही. टोपली कारवी हे इथले झुडूप सात वर्षांतून एकदाच फुलते. निदान त्याच्या एका फेऱ्याइतकी तरी नोंद ठेवावी लागेल.