तिघांचा बँड आणि रिकामी राहिलेली जागा

रॉक बँडमध्ये दोन गिटार असल्या की एक सोलो, म्हणजे पुढे येऊन एकटीची चाल, वाजवते आणि दुसरी खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, धरून ठेवते. ही दुसरी गिटार ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. तिघांच्या बँडमध्ये ती नसते. एक गिटार, खर्जातले स्वर देणारी एक बास आणि ड्रम्स, एवढाच संसार. गिटारवादकाने सोलोला हात घातला की त्याच क्षणी गाण्याखालची कॉर्ड नाहीशी होते आणि मधे मोठी पोकळी पडते. तिघांच्या बँडचा इतिहास मला कायम या पोकळीच्या अंगाने ऐकू येतो. तिचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे आला आणि प्रत्येकीने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवला.

सुरुवातीला तीन ही संख्या कुणी ठरवून निवडलेली नव्हती. १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांनी पहिली रेकॉर्ड केली तेव्हा ड्रमर नव्हताच. ब्लॅक आपल्या उभ्या बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटायचा आणि त्या फटक्यावर ताल चालायचा. त्याच शहरात जॉनी कॅश दोन साथीदारांबरोबर वाजवत होता. स्नेअर ड्रमसारखी खरखर यावी म्हणून तो गिटारच्या तारांखाली कागद सरकवायचा. या मंडळींकडे चौथा माणूस नव्हता, मग आहे त्या वाद्यातूनच दुसरं वाद्य काढायचं, एवढा साधा मामला होता.

गायक-गिटारवादक बडी हॉलीची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९५७ मध्ये ‘पेगी स्यू’ ध्वनिमुद्रित होत असताना त्याच्या क्रिकेट्स बँडचा दुसरा गिटारवादक निकी सलिव्हन गिटार वाजवत नव्हता. सोलोची वेळ आली की हॉलीच्या गिटारवरचा पिकअपचा, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचा, खटका फिरवायचा, एवढंच काम त्याच्याकडे होतं, कारण हॉलीचा उजवा हात क्षणभरही मोकळा होत नव्हता. आणि तो सोलो तरी कसा? सुट्या सुरांचा नाहीच, कॉर्डचाच. ऱ्हिदम, म्हणजे कॉर्डचा चालता ताल, न सोडता केलेला सोलो. त्या वर्षाच्या अखेरीला सलिव्हन बाहेर पडला आणि मार्च १९५८ मध्ये हॉली, जो बी. मॉल्डिन आणि जेरी ॲलिसन असे तिघेच ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. गिटार, बास आणि ड्रम्स एवढ्यावर रॉक अँड रोलचा अख्खा कार्यक्रम उभा राहतो, हे तिथल्या श्रोत्यांनी प्रत्यक्ष पाहिलं.

पण आवाज पुरायला हवा होता, आणि इथे खरं काम यंत्रांनी केलं. लिओ फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये बाजारात आला. त्याने बासवादकाला ड्रम्सच्या तोडीस तोड ऐकू येण्याची सोय करून दिली. पुढे लिव्हरपूलमध्ये बिग थ्री नावाचं त्रिकूट होतं. त्यांचा गिटारवादक एड्रियन बार्बर स्वतः प्रचंड स्पीकर पेट्या बनवायचा. लोक त्या पेट्यांना शवपेटी म्हणत, इतक्या त्या मोठ्या. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानातून १९६५ च्या सुमारास शंभर वॅटचे अँप्लिफायर बाहेर पडू लागले. एका गिटारला आता दोन-तीन गिटारांइतकी जागा व्यापता येत होती.

त्याच १९६५ साली शिकागोचा गिटारवादक बडी गाय ब्रिटनला आला आणि लंडनमध्ये फक्त बास-ड्रम्सच्या साथीवर वाजवून गेला. गिटारवादक एरिक क्लॅप्टन श्रोत्यांत होता. तिघांचा बँड करावा हे आपल्या डोक्यात तिथे शिरलं, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. जुलै १९६६ मध्ये क्लॅप्टन, बासवादक जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर यांचा क्रीम हा बँड लोकांसमोर आला.

क्रीमपाशी थोडं थांबायला हवं. क्लॅप्टन ब्लूजमधला. ब्रूस आणि बेकर जॅझमधून आलेले, ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये एकत्र वाजवलेले आणि तेव्हापासूनच एकमेकांशी हाडवैर असलेले. या दोघांच्या दृष्टीने साथ देणं म्हणजे मागे बसून ठोका धरणं नव्हतं. १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्यांचं ‘क्रॉसरोड्स’ ऐकताना एकदा क्लॅप्टनकडे दुर्लक्ष करा. रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६ सालच्या मूळ रेकॉर्डमध्ये एक माणूस आणि एक गिटार आहे. इथे गिटारचा सोलो सुरू झाल्यावर ब्रूस कॉर्डचे मूळ स्वर धरून बसत नाही, तो स्वतःची दुसरी चाल वाजवू लागतो. कधी गिटारच्या खालून, कधी तिला ओलांडून वर. बेकर त्या दोघांच्या मधल्या फटी शोधत राहतो. कॉर्ड कुणीच वाजवत नाही, तरी ती ऐकू येते, कारण दोन धावत्या चाली मिळून तिचा आकार सुचवत राहतात. पोकळी भरण्याचं हे पहिलं मोठं उत्तर, आणि माझ्या मते आजवरचं सर्वांत धाडसी. पुढे रूढ झालेल्या ‘पॉवर ट्रिओ’ या नावातल्या पॉवरचा अर्थ बरेच जण नुसता मोठा आवाज असा घेतात. क्रीममध्ये ती ताकद तिघांनी एकाच वेळी बोलण्याची होती. त्या बोलण्याची भांडणं व्हायला वेळ लागला नाही. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. सगळा कारभार जेमतेम सव्वादोन वर्षांचा.

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला उतरला आणि १ ऑक्टोबरला रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमधल्या कार्यक्रमात थेट क्रीमबरोबरच वाजवायला उभा राहिला. त्याच्या एक्स्पीरियन्स या बँडचा बासवादक नोएल रेडिंग खरं तर गिटारवादक. तो वेगळ्याच बँडसाठी चाचणी द्यायला आला आणि त्याच्या हातात बास दिला गेला. ब्रूससारखं गिटारशी झटणं रेडिंगच्या वाजवण्यात नाही, आणि त्याची गरजही नव्हती. हेंड्रिक्स अंगठा गिटारच्या मानेवरून पलीकडे घालून खालचे स्वर दाबायचा, उरलेल्या बोटांनी कॉर्ड आणि त्या कॉर्डमधूनच चाल काढायचा. ऱ्हिदम आणि लीड ही विभागणीच त्याच्या हातात उरली नव्हती. ‘लिटल विंग’ची सुरुवात ऐकली की हे लगेच कळतं. त्याच्याशी झुंजायचं काम ड्रमर मिच मिचेल करायचा. म्हणजे क्रीममध्ये रिकाम्या जागेसाठी गिटार आणि बासची चढाओढ होती, तर इथे ती गिटार आणि ड्रम्समध्ये गेली.

या दोन बँडनंतर लाट आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअरने १९६८ मध्ये आवाज एवढा वाढवला की पोकळीचा प्रश्नच त्यात बुडून गेला. मिशिगनच्या ग्रँड फंक रेलरोडने १९७१ मध्ये न्यूयॉर्कचं शे स्टेडियम भरवलं. आयर्लंडच्या रोरी गॅलहरचा ‘टेस्ट’ हा बँड, क्लीव्हलँडची जेम्स गँग ही मंडळी त्याच काळातली. एमर्सन, लेक अँड पामर यांनी गिटारची गादी ऑर्गन आणि सिंथेसायझरकडे दिली. दोन हातांनी वाजणारं वाद्य मध्यभागी आल्यावर कोडंच बदलतं, म्हणून ती वंशावळ मी वेगळी मानतो.

टोरोंटोच्या रश या बँडने हट्ट धरला की संगीत कितीही गुंतागुंतीचं झालं तरी मंचावर माणसं तीनच राहतील. १९७४ मध्ये नील पर्ट ड्रम्सवर आल्यानंतर त्यांच्या रचना लांबत आणि वळणं घेत गेल्या. मग बास वाजवता वाजवता गाणारा गेडी ली कीबोर्डकडेही वळू लागला आणि पायाखालच्या मूग टॉरस पेडल्सवर, म्हणजे पायाने वाजवायच्या सिंथेसायझरवर, खर्जातले स्वर दाबू लागला. गिटारवादक ॲलेक्स लाइफसनच्या पायाशीही तशीच पेडल्स आली. चौथा माणूस घ्यायचा नाही म्हटल्यावर त्याचं काम या दोघांनी आपल्या पायांवर घेतलं. ते वाजवणं बघितलं की थकायला होतं, पण त्यातल्या प्रामाणिकपणाबद्दल मला अपार आदर आहे.

इंग्लंडात १९७५ मध्ये बासवादक लेमीने मोटरहेड हा बँड सुरू केला आणि बास मार्शल अँप्लिफायरमधून वाजवत, सुट्या स्वरांऐवजी जोडस्वर आणि कॉर्ड दाबत, तो ऱ्हिदम गिटारवादकच बनला. त्यांचा लाइव्ह अल्बम १९८१ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

नेमकी उलट वाट पोलीस या बँडने धरली. स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलंड यांनी जमैकाच्या रेगे संगीतामधून एक गोष्ट उचलली, ती म्हणजे न वाजवणं. १९७९ च्या ‘वॉकिंग ऑन द मून’मध्ये बास मोजके स्वर टाकतो, मग गिटारची एक कॉर्ड येते, तीही इकोमध्ये लांब तरंगत राहणारी, आणि हाय-हॅटची, म्हणजे ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीची, टिकटिक त्या तरंगांमधून वाट काढते. इतक्या वर्षांत सगळे ज्या पोकळीला बुजवत होते, ती इथे गाण्याचा विषयच झाली. चंद्रावरची मोकळी जागा ऐकू यावी म्हणून खरोखरच जागा मोकळी ठेवली. हे मला फार आवडतं.

अमेरिकेतल्या पंकमध्ये तीन या संख्येला व्यवहाराचंही कारण होतं. व्हॅनमध्ये माणसं कमी, खर्च कमी, वाटणी सोपी. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रोच्या मिनटमेनने या काटकसरीलाच तत्त्व केलं. त्यांचा गिटारवादक डी. बून आपल्या गिटारच्या आवाजातला खर्ज काढून टाकायचा, ती टोकदार आणि पातळ ठेवायचा, म्हणजे माइक वॉटच्या बासला आणि जॉर्ज हर्लीच्या ड्रम्सना पूर्ण वाव मिळावा. बँडमध्ये गिटारचं राज्य नको, तिघांचा वाटा सारखा, हा राजकीय विचार त्यांनी थेट अँप्लिफायरच्या बटणांवर आणून ठेवला. मिनेसोटाच्या हुस्कर डूने त्याच्या अगदी विरुद्ध केलं, गिटारची घनदाट भिंत उभी केली. १९८४ मध्ये दोन्ही बँडचे दुहेरी अल्बम आले. डिसेंबर १९८५ मध्ये बून अपघातात गेला आणि मिनटमेन तिथेच संपला.

निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ रोजी आला तेव्हा स्टुडिओ हाच चौथा सदस्य होता. निर्माता बुच विगने गायक-गिटारवादक कर्ट कोबेनचा आवाज आणि गिटार एकावर एक थरांत ध्वनिमुद्रित करून घेतले. मंचावर ते थर नसायचे. म्हणून कडव्यात जवळपास नुसती क्रिस्ट नोवोसेलिचची बास आणि डेव्ह ग्रोहलचे ड्रम्स, आणि धृपदात गिटारचा एकदम स्फोट, ही रचना तीन माणसांना इतकी शोभली. आधी रिकामी जागा दाखवायची आणि मग ती भरून टाकायची. १९९३ मध्ये कोबेनने पॅट स्मिअरला दुसरा गिटारवादक म्हणून बरोबर घेतलं. मंचावरचं ते ओझं एकट्याने वाहणं किती जड असेल, हे त्या निर्णयात दिसतं.

पुढे कुणी गिटारच काढून टाकली, कुणी बास. बोस्टनच्या मॉर्फीनमध्ये दोन तारांची बास, बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ड्रम्स होते. ऑलिंपियाच्या स्लीटर-किनीमध्ये दोन गिटार आणि ड्रम्स, बास नाही, आणि दोन गिटार एकमेकींच्या चालीत गुंफलेल्या.

टेक्सासच्या झी झी टॉपबद्दल मुद्दामच शेवटी लिहितोय. बिली गिबन्स, डस्टी हिल आणि फ्रँक बीअर्ड हे तिघे १९७० पासून पन्नासहून अधिक वर्षं न बदलता वाजवत राहिले. गिबन्सच्या सोलोखाली हिलची बास कधी चमकायला धावली नाही. एका जागी पाय रोवून ती उभी असायची आणि कॉर्ड गेल्याची जाणीवच होऊ द्यायची नाही. जुलै २०२१ मध्ये हिलला दुखण्यामुळे दौरा सोडून घरी जावं लागलं. त्याच्याच इच्छेनुसार २३ जुलैला इलिनॉयमधल्या कार्यक्रमात बँडचा जुना गिटार तंत्रज्ञ एलवुड फ्रान्सिस बास घेऊन त्याच्या जागी उभा राहिला. हिल जुलैच्या अखेरीस गेला. तिघेजण वाजवत राहिले.