विमानघटक डिसअसेंब्ली तंत्रज्ञ

विमानावरून उतरवलेले इंजिन, लँडिंग गिअर, हायड्रॉलिक पंप, इंधनपंप असे घटक ठरलेल्या क्रमाने खोलून सुटे करणारा कारागीर. वर्कशॉपमध्ये याला 'स्ट्रिप करणे' किंवा सरळ 'इंजिन खोलणे' म्हणतात. जोडणी करणाऱ्याला मिळतो तेवढा मान या कामाला सहसा मिळत नाही, आणि हा अन्याय आहे. घटक आतून कसा झिजला, हे सगळ्यांत आधी याच माणसाला दिसते. तो पुरावा नकळत पुसला जाण्याची भीतीही याच्याच हातून असते.

म्हणूनच भाग धुण्याआधी नीट पाहून घ्यायचा असतो. केसिंगच्या सांध्यावर काजळीचा पट्टा दिसला, तर तिथून गरम वायू गळत होता. बेअरिंगची कडी निळसर पडली असेल, तर ती वाजवीपेक्षा जास्त तापली होती. तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे चमकते कण सापडले, तर आत काहीतरी घासले जात होते. भाग एकदा सफाईच्या टाकीत गेला की यातल्या बऱ्याच खुणा कायमच्या जातात.

काम टास्क कार्ड (पायऱ्या लिहिलेला कामाचा कागद) आणि मॅन्युअलबरहुकूम चालते. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधलेली सेफ्टी वायर आधी कापतात. कापताना तिचे टोक दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे, कारण उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो किंवा इंजिनात पडू शकतो. फॅनचे प्रत्येक पाते कोणत्या खाचेतून निघाले त्याचा क्रमांक नोंदवतात. पात्यांच्या वजनांत थोडा फरक असतो आणि त्यांची जागा बदलली तर संतुलन बिघडते. बेअरिंगला उघडा हात लावत नाहीत, कारण घामाने गंज चढतो. टर्बाइनच्या गरम भागांवर साध्या शिसपेन्सिलने खूण करायलाही बंदी असते: पेन्सिलीतला कार्बन प्रचंड तापमानात मिश्रधातूत शिरून त्याला इजा करतो. घट्ट बसलेला भाग हातोड्याने ठोकून काढत नाहीत. बाहेरचा भाग तापवून फुगवतात, मग आतला अलगद निघतो.

खोलण्याची पद्धत चुकली तर काय होते, हे २५ मे १९७९ रोजी शिकागोत दिसले. उड्डाण करतानाच एका डीसी-१० विमानाचे डावे इंजिन त्याच्या पायलनसकट, म्हणजे इंजिन पंखाला जोडणाऱ्या आधारासकट, निखळले. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ जण मृत्युमुखी पडले. सुमारे आठ आठवडे आधी देखभालीसाठी ते इंजिन उतरवले होते. आधी इंजिन आणि मग पायलन काढावे, अशी उत्पादकाची पद्धत होती. वेळ वाचावा म्हणून दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टवर पेलून काढले गेले, आणि त्या हालचालीत पायलनच्या मागच्या जोडाला तडा गेला. त्यानंतर झालेल्या तपासण्यांत याच पद्धतीने हाताळलेल्या आणखी काही विमानांच्या पायलनमध्ये तडे सापडले.

भारतात नागरी विमानांच्या अशा वर्कशॉपला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) सीएआर-१४५ या देखभाल-नियमाखालची मान्यता लागते. दुरुस्त झालेला घटक वापरायोग्य असल्याची सही अधिकृत कर्मचारीच करतात, मात्र खोलणाऱ्याने टॅगवर लिहिलेल्या नोंदी त्या सहीपर्यंत सोबत जातात. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० या लढाऊ विमानांची ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) होते, तर नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांची देखभाल चालते.

निवृत्त विमाने खोलण्याचे काम थोडे वेगळे असते. इथे पुन्हा वापरता येण्याजोगे भाग काढायचे असतात आणि उरलेला सांगाडा भंगारात जातो. इंजिनातल्या डिस्कसारख्या (पाती बसवलेली फिरती चकती) भागांना उड्डाण-फेऱ्यांची मर्यादा असते, त्यामुळे प्रत्येकाचा अनुक्रमांक आणि झालेल्या फेऱ्यांचा इतिहास भागाबरोबर द्यावा लागतो. तो कागद हरवला, तर दिसायला नवी कोरी वाटणारी डिस्कसुद्धा विमानावर चढवता येत नाही.