जुनी बॉक्स्टर नाशकात सांभाळताना

पोर्शची बॉक्स्टर घेऊन आमच्या गॅरेजला येणाऱ्या आणि ती घ्यायच्या विचारात असलेल्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक काढलं आहे. १९९६ ते २००४ ची ९८६ आणि २००४ च्या अखेरीपासून २०१२ पर्यंतची ९८७, या दोन पिढ्यांबद्दल यात लिहिलं आहे. नाशकात या गाड्या बहुतेक मुंबई-पुण्याहून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येतात. अंगावर ओरखडा नसतो, किलोमीटर कमी असतात, आणि तेवढ्यावर सौदा होतो. कमी किलोमीटर बघून गाडी घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. बॉक्स्टर पळवल्याने फारशी बिघडत नाही. कव्हर घालून महिनोन् महिने उभी ठेवली की बिघडते. पुढचं सगळं याच अनुभवातून लिहिलं आहे.

पाण्याच्या वाटा

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण नाशकात या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान पाण्यानेच होतं आणि ते टाळायला जवळपास काही खर्च येत नाही.

कापडी छपरावर पडलेलं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांमधून नळ्यांत जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. भोकं करंगळीएवढीही नाहीत. गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला गाडी झाडाखाली लागत असेल तर गुलमोहराची बारीक पानं, फुलांचा चुरा आणि धूळ यांचा लगदा होऊन ती बुजतात. मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत उतरतं आणि सीटखालच्या कार्पेटमध्ये मुरतं. ९८६ मध्ये लॉक आणि इमोबिलायझरचं कंट्रोल मॉड्यूल नेमकं सीटखाली आहे. ते भिजलं की गाडी किल्ली ओळखत नाही, सुरू होत नाही, आणि कार्पेट ओलं झाल्यामुळे हे झालंय असं कोणाच्या मनातही येत नाही.

हे काम घरी करता येतं. छप्पर अर्धवट उघडून थांबवा म्हणजे मागचे कोपरे दिसतात. पानं हाताने काढा. नंतर गवत कापायच्या मशिनमध्ये असते ती जाड नायलॉनची दोरी घ्या, तिचं टोक मेणबत्तीवर जरा गोल करून घ्या आणि भोकातून हलक्या हाताने आत सारा. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका, आत नळी सांध्यातून सुटते आणि मग पाणी बाहेर न जाता गाडीतच पडतं. शेवटी प्रत्येक बाजूला तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर किती येतंय ते बघा. धार आली तर काम झालं. थेंब थेंब आलं तर आमच्याकडे आणा.

पाण्याची दुसरी वाट पुढच्या डिकीत, काचेच्या खाली, बॅटरीच्या आजूबाजूला आहे. तिथेही पानं साठतात. दोन्ही कामं मे संपायच्या आत करून घ्या. इगतपुरी, त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा बघावं.

तिसरी जागा पाण्याची नाही, वाऱ्याची आहे. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आहेत आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. जास्त ताकदीच्या एस मॉडेलमध्ये मधोमध तिसरा रेडिएटरही असतो. बंपरची तोंडं मोठी आणि मूळ रचनेत पुढे जाळी नाही, त्यामुळे रस्त्यावरचा पालापाचोळा थेट आत जाऊन बसतो. तो पावसात कुजतो, ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या खातो, आणि उन्हाळ्यात द्वारका सर्कलला गाडी अडकली की एसी गार हवा देईनासा होतो. बाहेरून बघितलं तर काही कळत नाही, बंपर उतरवावाच लागतो. वर्षातून एकदा तो उतरवून आतली सफाई करायला आम्ही सांगतो.

इंजिन

सीटच्या मागे आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन आहे. पुढे एक डिकी, मागे एक डिकी, आणि इंजिन कुठूनच दिसत नाही. मागच्या डिकीत तेल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी आहेत. मागच्या डिकीत गोडसर वास आला किंवा तिथलं कार्पेट ओलसर लागलं, तर कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा गेलाय का ते आधी बघून घ्या. जुन्या गाड्यांत हे नेहमी होतं.

या इंजिनाच्या ज्या बेअरिंगबद्दल सगळे घाबरून विचारतात, त्याबद्दल नीट सांगतो. पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला शाफ्ट आहे, इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. वर्षं गेली की सील सैल पडतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, त्या जागी इंजिनचं तेल शिरतं आणि तिथेच अडकून जुनं होतं. बेअरिंग पुरतं गेलं तर टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. सगळ्याच गाड्यांना हा धोका सारखा नाही. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं, जास्त टिकणारं बेअरिंग आहे. २००० च्या आसपासपासून २००५ पर्यंत एकेरी रांगेचं लहान बेअरिंग आलं, जास्त तक्रारी त्याच्याच आहेत. २००६ ते २००८ च्या गाड्यांत ते मोठं केलं, पण इंजिन उकलल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते गाडीच्या वर्षावर जाऊ नका, इंजिन नंबरवरून ठरवा. सांध्याच्या वर्षांत दोन्ही प्रकार सापडतात.

उपाय दोन. मॅन्युअल गाडीचा क्लच बदलायची वेळ आली की गिअरबॉक्स उतरलेलाच असतो. २००५ पर्यंतच्या गाडीत त्याच वेळी हे बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील बदलून घ्या. वेगळ्याने केलं तर तीच मजुरी दुसऱ्यांदा पडते. दुसरा उपाय सगळ्यांसाठी: तेल वेळेवर बदला. इंजिनात साधारण ८ लिटर तेल बसतं, पोर्शची मान्यता असलेलंच घाला, आणि ८,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. कंपनीची मुदत याहून जास्त आहे. इथली धूळ, इथला ट्रॅफिक आणि गाडीचं वय बघता आम्ही ती पाळत नाही.

तेल बदलताना जुना फिल्टर आम्ही तुमच्यासमोर उघडतो. कागदी फिल्टरच्या घड्या कात्रीने कापून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरतो आणि उजेडात लोहचुंबक फिरवतो. काळे-तपकिरी प्लास्टिकचे कण दिसले तर ते टायमिंग चेनच्या गाइडचे असतात, पुढच्या वेळेपर्यंत लक्ष ठेवायचं. चमकणारे पण चुंबकाला न चिकटणारे कण ॲल्युमिनियमचे. बारीक सुईच्या टोकाएवढे कण चुंबकाला चिकटून उभे राहिले तर ते पोलाद आहे, आणि मग गाडी चालवत घरी न्यायची नाही, आमच्याकडेच ठेवायची. या पाच मिनिटांत गाडीची तब्येत जितकी कळते तितकी कुठल्याही स्कॅनरवर कळत नाही. दुसरीकडे तेल बदलणार असाल तरी फिल्टर मागून घ्या, पिशवीत घालून घेऊन या, आम्ही बघून देऊ.

ज्याची काळजी करू नका

दार उघडताना काच बोटभर खाली येते आणि लावल्यावर वर जाते. दाराला चौकट नसल्यामुळे ती रबराच्या आत बसावी म्हणून हे केलंय. काच खाली येत नसेल तर लॉकमधला छोटा स्विच गेलाय किंवा बॅटरी उतरलीय. अशा वेळी दार ओढून आपटू नका.

उतारावर रात्रभर लावलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर मागून थोडा निळसर धूर येऊन थांबतो. सिलिंडर आडवे आहेत, तेल थोडं आत उतरतं, इतकंच. मात्र पांढऱ्या धुराचे लोट येऊन थांबतच नसतील तर इंजिनच्या वाफेतून तेल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर फाटलेला असू शकतो. गाडी लगेच बंद करा.

ताशी १२० च्या आसपास मागचा स्पॉयलर आपोआप वर येतो आणि ८० च्या खाली आला की बसतो. समृद्धीवर कारची वेगमर्यादाही १२० आहे, त्यामुळे इगतपुरीहून निघालेल्या ग्राहकांना तो वर आलेला दिसतो. बिघाड नाही. ओल्या सकाळी इंजिन थोडं अडखळत असेल तर मात्र इग्निशन कॉइलच्या प्लास्टिकला चिरा पडल्यात का बघावं लागतं, कारण त्या खालच्या बाजूला आहेत आणि रस्त्यावरचं पाणी थेट अंगावर घेतात.

बॅटरी

बॅटरी पुढच्या डिकीत आणि ९८७ ची पुढची डिकी बॅटरीवर उघडते. म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली की तिच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यासाठी फ्यूजबॉक्समध्ये लाल टोपी असलेला एक दांडा आहे, तो बाहेर ओढायचा, दुसऱ्या बॅटरीचा प्लस त्याला आणि मायनस दाराच्या चौकटीतल्या उघड्या धातूच्या कडीला लावायचा, आणि किल्लीने डिकी उघडायची. यावर गाडी सुरू करायला जाऊ नका, फक्त डिकी उघडा. पहिल्या सर्व्हिसला हे आम्ही तुमच्या हातून एकदा करून घेतो. महिना-दीड महिना बाहेरगावी जाणार असाल तर बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावून जा.

पेट्रोल, टायर, गतिरोधक

या इंजिनाला कंपनीने ९८ ऑक्टेन सुचवलं आहे, ९५ वर ते सांभाळून घेतं. पंपावरचं साधं पेट्रोल काही वर्षांपूर्वीपर्यंत ९१ चं होतं. तेव्हा किमान ९५ चं आहे ना ते बघून घाला, मुंबई-पुण्याला गेलात आणि १०० चं मिळालं तर ते घाला. आता २० टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये आहे आणि या गाड्या १० टक्क्यांचा विचार करून बनलेल्या आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून टाकीत तेच पेट्रोल चार-चार महिने ठेवू नका. दर दोन वर्षांनी इंधनाचे रबरी पाइप बघून घ्या आणि बदलायची वेळ आली तर इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो-रबरचेच टाका. गाडीत शिरताना पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशीच फोन करा.

टायर पुढे-मागे वेगळ्या मापाचे आहेत. ९८७ एसवर १८ इंची चाकं असतील तर पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०. त्यामुळे अदलाबदल करता येत नाही, आणि मागचे आधी झिजतात. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर घालून समृद्धीच्या काँक्रिटवर उन्हात जाऊ नका. ९८७ मध्ये स्टेपनी नसते, सीलंटची बाटली असते. तिचीही मुदत संपते.

गतिरोधकावर गाडी तिरकी घ्या, एक चाक आधी. पुढच्या बंपरच्या ओठाखालची रबरी पट्टी घासली तर जीव खालीवर करू नका, ती घासण्यासाठीच आहे आणि स्वस्तात बदलते. खड्ड्यांवर पुढून कट्कट् आवाज आला तर बहुतेक वेळा सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्म खराब निघतो. शॉकॲबसॉर्बर बदलायला कोणी सांगितलं तर आधी हे दोन तपासून घ्या.

काय बदलावं, काय बदलू नये

पहिला पैसा बंपरच्या तोंडांना बारीक जाळी बसवण्यात घाला. आमच्या मते नाशकात या गाडीला याच्याइतका उपयोगी बदल दुसरा नाही. दुसरा, कमी तापमानाला कूलंटची वाट उघडणारा थर्मोस्टॅट आणि त्याच वेळी नवा वॉटर पंप, कारण दोन्ही कामं एकाच जागची. तिसरा, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड. कसारा घाट किंवा सप्तशृंगीचा घाट उतरताना त्याचा फरक पायाला कळतो.

म्युझिक सिस्टीम बदलायची असेल तर आधी विचारा. बऱ्याच ९८७ मध्ये म्युझिकची सगळी यंत्रं ऑप्टिकल फायबरच्या एका साखळीने जोडलेली आहेत, त्यातलं एक काढलं की बाकीचीही मुकी होतात. ब्लूटूथचा जोड लावून मूळ सेट ठेवता येतो, आणि गाडी विकताना मूळ सेटला किंमत मिळते.

गाडी आणखी खाली बसवायचं काम आम्ही घेत नाही. साध्या हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब टाकत नाही, समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. सायलेन्सर कापून आवाज वाढवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते.

कागदपत्रं

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१० पर्यंतच्या सगळ्या बॉक्स्टरची मुदत एक तर संपलीय किंवा संपत आलीय. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, त्यासाठी नमुना २५ चा अर्ज मुदतीच्या आधी द्यायचा, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला न्यायची. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. अशी गाडी घेताना नाशिकच्या एमएच-१५ नंबरसाठी कर किती बसेल ते आरटीओतून आधी काढा, मगच बयाणा द्या.

घेण्याआधी गाडी आम्हाला दाखवायची असेल तर ती थंड असताना आणा, विकणाऱ्याला आधी सुरू करून ठेवू देऊ नका. दोन्ही किल्ल्या, असतील ती सर्व्हिसची बिलं आणि आरसी बुक सोबत असू द्या. तपासणीला अर्धा दिवस लागतो. पावसाळ्यापूर्वीच्या सफाईसाठी एप्रिलमध्येच दिवस ठरवून घ्या, मेच्या शेवटी एका दिवशी दोनच बंपर उतरवून होतात.